कंसातलं मरण

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं. 'ययाति'बद्दल मी जे बोललो ते तुला लागलं, हे मोकळेपणानं लिहिलंस ते बरं केलंस. मनात ठेवलं असतंस तर मला कळलंही नसतं. ज्या पुस्तकावर आपण दोघांनी विशीत जीव टाकला ते मी एका वाक्यात कसं काय बाजूला सारलं, आणि मग मला आवडतं तरी काय, असं तू विचारलं आहेस. फोनवर पुन्हा तुटक बोललो असतो, म्हणून सावकाश लिहितोय.

सुरुवात पुस्तकापासून नाही, बाबांपासून करावी लागेल. बाबा गेले तेव्हा काकांचा फोन आला. "बाबा गेले रे," एवढंच ते म्हणाले आणि लगेच विचारलं, "तू जेवलास का?" त्या प्रश्नानं मला जे झालं ते पुढच्या दहा दिवसांत कुणाच्याही सांत्वनानं झालं नाही. त्यानंतर कित्येक महिने मला कादंबरी वाचवेना. कुणी मरायला लागलं की पुस्तक मिटायचो. मग हळूहळू वाचायला लागलो तेव्हा एक सवय लागून गेली होती: ही कादंबरी मरण कसं सांगते, तेच आधी बघायचं. जुनी वाचलेली पुस्तकंही मी त्याच कारणानं पुन्हा काढली. तुझ्या-माझ्या आवडीत फरक पडलाय तो तिथपासून.

'ययाति' 1959 सालची. 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि 1974 साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. हे सगळं तू मला ऐकवशीलच, म्हणून आधीच कबूल करतो. खांडेकरांची तळमळ खोटी नव्हती, आजही वाटत नाही. भोगाच्या मागे धावणाऱ्या माणसाची त्यांना मनापासून काळजी वाटत होती. पण यंदा पुन्हा वाचताना मला जाणवलं, की ययाति, देवयानी, शर्मिष्ठा असे तिघं आळीपाळीनं बोलतात आणि तिघांचा आवाज एकच आहे. दुःख झालं की प्रत्येकाला सुभाषित सुचतं. खरं दुःख झालेल्या माणसाला वाक्य सुचत नाही रे. त्याला 'तू जेवलास का' सुचतं. माझी तक्रार एवढीच आहे. विशीत आपण जी वाक्यं वहीत उतरवून घेतली ती आपल्याला तेव्हा हवी होती, आणि ती खांडेकरांनी आपल्याला दिली. ते ऋण मी नाकारत नाही.

आता 'रणांगण'. तू अजून वाचलेली नाहीस हे वाचून मी चकित झालो. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी 1939 ची, म्हणजे ज्या वर्षी युद्ध सुरू झालं त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि मायदेशी परतणारा चक्रधर. हॅर्टा नावाच्या ज्यू मुलीवर त्याचं प्रेम जडतं. बोट मुंबईला लागते. तो उतरतो, तिला उतरता येत नाही. पुढे ती समुद्रात जीव देते. ही गोष्ट भावनेनं ओथंबवता आली असती. बेडेकरांनी ती इतकी आवरून लिहिली आहे की वाचताना आपल्यालाच कुठेतरी ओरडावंसं वाटतं. तिची पत्रं वाचताना आपण चक्रधरच्याच जागी असतो: किनाऱ्यावर, सुखरूप, आणि काहीही करायला उशीर झालेला. एका बैठकीत वाचून होईल एवढंसं पुस्तक आहे, पण एका बैठकीत वाचू नकोस.

नेमाड्यांच्या 'कोसला'वर आपलं भांडण जुनं. तिच्यात सारखे येणारे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांचा तुला येणारा कंटाळा मला समजतो. पांडुरंग सांगवीकर सगळ्यांची टर उडवत राहतो, कशालाच हाताशी धरत नाही, हेही खरं. पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी थांबून बघ. तोवर जी भाषा सगळ्या जगाला हसण्यावारी नेत होती, तिला तिथे हसता येत नाही आणि नीट रडताही येत नाही. दुसरी कुठली भाषा त्याच्याजवळ नाही. ती अडखळते, भलतीकडे जाते, रागावते. 1963 साली नेमाड्यांनी मराठी गद्य बदललं असं सगळे म्हणतात, आणि ते म्हणताना सहसा विनोदाची उदाहरणं देतात. माझ्या मते कादंबरीचं खरं वजन या पानांवर आहे. आधीची सगळी टवाळी जणू इथे येऊन मोडून पडण्यासाठीच होती.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते मात्र व्हर्जिनिया वुल्फच्या 'टू द लाइटहाउस'नं. 1927 ची कादंबरी. पहिल्या भागात मिसेस रॅमसे घरभर आहे. मुलांना समजावते, पाहुण्यांची काळजी वाहते, सगळं घर तिच्याभोवती फिरतं. मग मधला छोटा भाग येतो. वर्षं सरतात, घर रिकामं पडतं, धूळ, ओल, वारा. आणि त्यात मिसेस रॅमसे गेल्याचं चौकटी कंसात सांगितलंय. एका वाक्यात, जाता जाता. मी ते वाक्य वाचून पुढे गेलो होतो, आणि दोन ओळींनंतर परत मागे आलो. आपलं चुकून काही वाचायचं राहिलं असं वाटलं. बाबांच्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. आपलं सगळं जग ज्या माणसावर उभं असतं त्याचं जाणं जगाच्या दृष्टीनं कंसातलंच असतं. हे वुल्फनं विधान करून सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. तिनं नुसता कंस घातला. पहिली चाळीसेक पानं जड जातील. तिथे सोडू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

याच्या बरोबर उलट टोकाला टॉलस्टॉय. 'अ‍ॅना कॅरेनिना'मध्ये मरणाला आडोसाच नाही. लेव्हिनचा भाऊ निकोलाय मरतो ते प्रकरण आठव. एवढ्या अवाढव्य कादंबरीत शीर्षक असलेलं ते एकच प्रकरण आहे, आणि शीर्षक आहे 'मृत्यू'. लेव्हिनला तिथे काय करावं ते सुचत नाही. बुद्धिमान माणूस, पण आजाऱ्याच्या खोलीत निरुपयोगी. आणि त्याची तरुण बायको किटी, जिला तो पोरसवदा समजत होता, ती खोली झाडून घेते, अंथरूण बदलायला लावते, रोग्याशी बोलते. मी लेव्हिन होतो, मित्रा. तू किटीसारखा होतास. हॉस्पिटलातल्या त्या आठवड्यात बाबांची उशी कशी ठेवायची हे तुला कळत होतं आणि मी दारात उभा होतो. हे मी तुला कधी बोललो नव्हतो.

अ‍ॅनाच्या मृत्यूनंतरही कादंबरी संपत नाही, आणखी एक अख्खा भाग शिल्लक राहतो. मासिकात ती 1875 पासून क्रमशः येत होती. संपादक कातकोव्हला शेवटच्या भागातली युद्धावर जाणाऱ्या स्वयंसेवकांबद्दलची मतं पटली नाहीत, त्यानं तो छापायचं नाकारलं, आणि टॉलस्टॉयनं तो स्वतः वेगळा छापून घेतला. कधीकाळी मलाही तो भाग फाजील वाटायचा. आता वाटतं, माणूस गेल्यावर जे उरतं, म्हणजे मधमाश्या, मूल, पाऊस, बायकोशी अर्धवट राहिलेलं बोलणं, ते त्यानं सोडलं नाही म्हणूनच ती कादंबरी एवढी मोठी.

अनंतमूर्तींची 'संस्कार' तुला आवडलीच होती, म्हणून लांबण लावत नाही. एक प्रेत पडलंय, अग्नी कुणी द्यायचा यावर अख्खं अग्रहार पोथ्या उलगडतंय, आणि मेलेल्याबरोबर राहणारी चंद्री रात्रीच्या अंधारात एका मुसलमान ओळखीच्याच्या मदतीनं गुपचूप दहन करवून निघून जाते. पंडितांना पत्ताही नसतो. उरलेली कादंबरी अग्रहारातल्या मोठ्या पंडिताच्या, प्राणेशाचार्यांच्या मनात चालते, आणि ती चांगलीच आहे. पण मला पुन्हा पुन्हा आठवते ती चंद्री. नायजेरियन लेखक आचेबेच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'चा शेवटही असाच मनातून जात नाही. तिच्या नायकाचं, ओकोंक्वोचं सगळं आयुष्य आपण वाचलेलं असतं, आणि त्या प्रेतासमोर उभा असलेला इंग्रज अधिकारी मनाशी ठरवतो, की आपल्या पुस्तकात याच्यावर एखादा परिच्छेद लिहावा. 1958 सालची ही कादंबरी. त्या एका परिच्छेदाला आचेबेनं अख्ख्या पुस्तकानं उत्तर दिलंय.

मधे विरंगुळा म्हणून अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' वाचली, 1926 ची. रहस्य सांगत नाही. बांधणी अप्रतिम, पण तिथे मेलेला माणूस हे कोडं असतं, त्याच्यासाठी कुणी जेवायचं थांबत नाही. मला त्या दिवसांत तेच हवं होतं, म्हणून तिचे आभार.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं पुस्तक. उद्धव शेळक्यांची 'धग', 1960 ची. इथे काहीच आवरलेलं नाही. कौतिकच्या वाट्याला गरिबी येते, नवऱ्याचा नाकर्तेपणा येतो, मग त्याला महारोग होतो, आणि एकावर एक इतकं कोसळतं की माझ्या कसोटीनुसार मी ती मिटायला हवी होती. मी मिटली नाही. कारण कौतिकची वऱ्हाडी. तिच्या तोंडी सुभाषित नाही, तिथे भांडण आहे, हिशेब आहे, पोरांना दिलेली दटावणी आहे. म्हणजे दुःख किती सांगितलं याच्याशी माझं भांडण नव्हतंच. ते ज्याचं त्याच्या तोंडून आलं की नाही, एवढंच मी शोधत होतो. हे मला 'धग'नं दाखवलं, आणि मग 'ययाति'मध्ये मला नेमकं काय खटकलं तेही स्वच्छ कळलं. तुझ्याशी त्या दिवशी बोललो तेव्हा मला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. म्हणून ते वाक्य तसं तुटक आलं. त्याबद्दल माफी मागतो.

आणि 'बनगरवाडी'. ती सध्या उशाशी आहे, तिसऱ्यांदा वाचतोय. माडगूळकरांनी 1955 साली एक वाडी कागदावर वसवली आणि शेवटी दुष्काळात ती रिकामी केली. मेंढरं घेऊन माणसं निघून जातात, शाळेत पोरं उरत नाहीत, मास्तर उरतो. गावच्या गाव उठतं आणि भाषेचा स्वर जराही वर चढत नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तालमीचं बांधकाम आणि आनंदा रामोशी एवढंच आठवत राहिलं होतं. या खेपेला शेवटची पानं मी रोज दोन-दोन करून वाचतोय, संपू नयेत म्हणून.

'रणांगण'ची माझी प्रत या पत्रासोबत पाठवतो. मागच्या कोऱ्या पानावर बाबांच्या अक्षरात एक तारीख आणि त्यांची सही आहे, ती बघ. कुठेही खूण केलेली नाही, एकच पान दुमडलंय. ते त्यांनी दुमडलं की मी, आठवत नाही. तसंच राहू दे. आणि तुझी 'ययाति'ची प्रत मला पाठव, ती खुणा केलेली. तुझ्या खुणांवरून पुन्हा एकदा वाचतो.

तुझा,
जुना सोबती