साब ९५ ला कमी लेखू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या स्वीडिश स्टेशन वॅगनवरचा (मागं सामानाला लांब जागा असलेल्या गाड्यांवरचा) लेख वाचून लई बरं वाटलं. नाहीतर आपल्याकडं व्हिंटेज म्हटलं की निजामाच्या काळातल्या मोठ्या गाड्या नाहीतर फियाट-अँबेसिडर, पुढं कुणी जातच नाही. पण व्होल्वो ड्युएट आणि साब ९५ या दोघींत लेखकानं ड्युएटला झुकतं माप दिलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

ड्युएट दणकट आहे यात वादच नाही. १९५३ ला आली आन १९६९ पर्यंत निघाली, खाली ट्रकासारखी वेगळी चेसिस म्हणजे सांगाडा, मागं पाट्यांच्या स्प्रिंगा, मागचे दोन दरवाजे कपाटासारखे बाजूला उघडतात. पुढच्या मॉडेलांना १७७८ सीसीचं बी-१८ इंजिन आलं, तेच कंपनीच्या दुसऱ्या गाड्यांतही होतं म्हणून पार्ट सापडतात. सामान वाहायला ती बेस्ट.

पण साब १९५९ ला आली तीच मुळात वेगळ्या डोक्यानं. इंजिनची ओढ पुढच्या चाकांना, एवढ्याशा गाडीत सात माणसं, त्यातली शेवटची दोघं मागं तोंड करून बसणार आणि ती सीट घडी करून टाकली की सपाट जागा. इंजिन ८४१ सीसीचं तीन सिलिंडर टू-स्ट्रोक, त्याला व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं. आता सांगा, परभणी-नांदेडला ज्या मिस्त्र्यांनी जन्मभर येझदी, राजदूत आणि जुन्या बजाज उघडल्या त्यांना हे इंजिन परकं वाटेल का? त्यांचा हात अजून चालतोय, तोवरच या गाड्या आपल्याकडं नीट होऊ शकतात, हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि लेखात तो कुठंच नाही.

एक गोष्ट मात्र घेणाऱ्यानं नीट समजून घ्यावी. टू-स्ट्रोकला ऑईल पेट्रोलबरोबरच मिळतं, म्हणजे उतारावर थ्रॉटल सोडलं की ऑईलही तुटतं, म्हणून साबनं फ्रीव्हील दिलं, थ्रॉटल सोडलं की गाडी सायकलसारखी मोकळी धावते. घाट उतरताना इंजिनचा ब्रेक मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर, त्यामुळं ब्रेक आधी बघायचे. आपल्या ४२-४३ डिग्रीच्या उन्हासाठी १९६५ पासूनचं लांब नाकाचं मॉडेल बघावं, त्यात रेडिएटर इंजिनच्या पुढं आला, आधी तो मागं होता. १९६७ पासून १५०० सीसीचं व्ही-४ फोर-स्ट्रोक आलं ते चालवायला सोपं, पण त्याच्या इंजिनातलं फायबरचं गियर झिजतं, ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि पत्रा मात्र साब आणि ड्युएट दोघींचाही खालून बघा, स्वीडनकडं बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, गंज खालूनच लागतो.

अजून एक. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत आपल्यासारखंच डावीकडून चालायचं पण गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडंच असायचं. साब ९५ ब्रिटनमध्ये उजव्या स्टिअरिंगनं विकली जायची, तशी मिळाली तर आपल्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरायची वेळ येत नाही.

५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमानं व्हीए सिरीजचा म्हणजे व्हिंटेज गाड्यांचा खास नंबर मिळतो, रोजच्या वापराला आणि धंद्याला मात्र चालत नाही. कागदपत्रं कुठं आणि कशी द्यायची यावर पुरवणीत एक सविस्तर लेख द्यावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी