‘माहीत नाही’ म्हणाले, यात त्यांचं चुकलं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुक्रवारी रात्री झालेली उमेदवारांची चर्चा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. शनिवारी आपल्या दैनिकात तिचं वृत्त वाचलं, तेव्हापासून एक वाक्य डोक्यातून जात नाही. केळी विम्याच्या प्रश्नावर तिसरे उमेदवार ‘निरुत्तर झाले’, असं आपल्या प्रतिनिधीने लिहिलं आहे. ते निरुत्तर झाले नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना त्यांनी आधी गाव विचारलं, मग म्हणाले, ‘ताई, तुमच्या महसूल मंडळाचं तापमान कुठल्या केंद्रावरून धरलं आणि त्यावर दाद कुठे मागायची, हे मला आज माहीत नाही. चार दिवसांत माहिती काढतो आणि तुमच्या घरी येऊन सांगतो.’ यावर सभागृहात हशा झाला. शेजारचे दोन्ही उमेदवार हसले. सूत्रसंचालकांनी ‘तयारी करून यायला हवं होतं’ असं ऐकवलं आणि जाहिराती सुरू झाल्या. त्या बाई उभ्याच होत्या.

मी त्या उमेदवारांचा मतदार नाही. त्यांच्या पक्षाला मी आजवर मत दिलेलं नाही, या वेळी देईनच असंही नाही. पण त्या तासाभरात प्रश्न नीट ऐकून घेतलेला माणूस तो एकच होता.

बाकी दोघांचं आपल्या वृत्तात कौतुक आहे. ‘ठाम’, ‘आक्रमक’, ‘आकडेवारीसह’. पहिल्या उमेदवारांनी सुरुवात अहिराणीतून केली, ते ऐकून बरं वाटलं. पुढे मात्र कोणत्या कामाला किती कोटी आणले एवढंच. पाडळसे धरणाचा विषय निघाला, तर तिथेही कोटीच. गेल्या शतकात काम सुरू झालेल्या धरणाचं पाणी शेतात कधी येणार, हे एका वाक्यात सांगता आलं नाही. केळीवरच्या हरण्या रोगाचं विचारलं, तर म्हणाले, ‘तो विम्यात धरलेला आहे.’ साहेब, आपला फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. त्यात थंडी, ऊन, वारा धरतात. हरण्या हा विषाणू, तो मावा पसरवतो. त्यापायी झाडं उपटून फेकावी लागली, तरी या विम्यातून रुपया मिळत नाही. दुसरे उमेदवार टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘थंडीने केळी गेली, तर चोवीस तासांत पंचनामे करायला लावीन!’ टाळ्या पडल्या. पण या विम्यात थंडीच्या भरपाईला पंचनामा नसतोच. तिथे फक्त हवामान केंद्राचा आकडा चालतो. म्हणजे दोघांनीही ठामपणे चुकीचं सांगितलं आणि ते अभ्यासू ठरले. ज्याने माहीत नाही ते माहीत नाही म्हटलं, तो निरुत्तर.

मला हे इतकं का लागलं, ते सांगतो. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझी मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, थंडीने गेली. रान नाल्याकाठी, सखल. थंडी अशा खोलगट जागी उतरून बसते, हे केळीवाल्याला शिकवावं लागत नाही. आम्ही रात्री पाणी दिलं, बांधावर धूर केला. मुलगा आणि मी आळीपाळीने जागलो. तरी आठवड्याभरात पानं करपली, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, थांबली, कितीतरी घड पोग्यातच अडकले. योजनेच्या नियमाप्रमाणे सलग तीन दिवस पारा 8 अंशांवर किंवा खाली असायला हवा. माझ्या बागेत टांगलेल्या तापमापीवर तो पाच दिवस खाली होता. पण माझी तापमापी धरत नाहीत. महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र धरतात, आणि ते माझ्या शेतापासून 9 किलोमीटरवर, गावाला लागून, उंचवट्यावर. तिथे तिसऱ्या दिवशी 8.4 नोंदलं गेलं. गेला विमा!

हे 8.4 मला कळलं पाच महिन्यांनी. तोवर प्रत्येकाने मला उत्तर दिलं, आणि तेही अगदी खात्रीने. बँकेतला माणूस म्हणाला, ‘आप्पा, तुमचं मंडळ विम्यात बसलंय, पंधरा दिवसांत पैसे जमा होतील.’ तालुक्याच्या कार्यालयात म्हणाले, यादी कंपनीकडे गेली आहे. कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, बँकेने आधार चुकीचा भरला असेल. मी आधार दुरुस्त करून आणला, तो आधीच बरोबर होता. एका पुढाऱ्याने माझ्यासमोर मोबाइल लावला, दोन मिनिटं बोलले आणि म्हणाले, ‘काम झालं समजा.’ त्या शब्दावर मी पुढच्या लागवडीची टिश्यूकल्चरची रोपं उधारीवर उचलली. ती उधारी फेडायला दोन वर्षं गेली. त्या पाच महिन्यांत एकाने जरी म्हटलं असतं की, बाबा, मला माहीत नाही, विचारून सांगतो, तर मी वेळेत लेखी तक्रार केली असती, रोपं घेतली नसती. खोट्या खात्रीने माझं जितकं नुकसान झालं, तितकं थंडीनेही केलं नसेल.

आपल्या वृत्तात ‘देहबोली’ हा शब्द तीनदा आला आहे. तिसऱ्या उमेदवारांची देहबोली ‘बचावात्मक’ होती म्हणे. चेहरा पाहून गुण द्यायची ही रीत अमेरिकेतली. 26 सप्टेंबर 1960 रोजी शिकागोत केनेडी आणि निक्सन समोरासमोर आले, तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठलेले निक्सन पडद्यावर ओढलेले, घामेजलेले दिसले आणि बोलण्यापेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली. पुढे सोळा वर्षं तिकडे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची अशी चर्चा झालीच नाही. आपल्या देशात तर 2024 च्या लोकसभेला न्या. लोकूर, न्या. शहा आणि एन. राम यांनी पंतप्रधान आणि राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं, तीही झाली नाही. मग जिल्ह्याच्या पातळीवर कुणी तिघांना एका टेबलाशी बसवलं, तर त्याचं मोल मी जाणतो. म्हणून तर तासभर जागचा हललो नाही. पण तिथे कोण कसा बसला, कुणी कुणाला गप्प केलं, एवढंच आपण छापणार असाल, तर पुढच्या वेळी चौथा उमेदवारही टेबलावर हात आपटूनच बोलेल. आपण फैजपूरच्या मुलखात राहतो. तिथे 1936 साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं आणि त्यात शेतसारा, खंड (कुळाने द्यायचं जमिनीचं भाडं) आणि शेतकऱ्याचं कर्ज यांवर कार्यक्रम ठरला. आज त्याच भागातल्या बाईंच्या विम्याच्या प्रश्नाला जाहिरातीआधीची दोन मिनिटं मिळतात, याचा मला फार राग येतो.

माझी विनंती एकच. चार दिवसांचा शब्द शुक्रवारी दिला आहे, मंगळवारी तो पुरा होतो. आपला प्रतिनिधी बुधवारी त्या बाईंच्या घरी पाठवा. उमेदवार आले होते का, काय सांगून गेले, ते बरोबर होतं का, एवढं विचारून छापा. आले नसतील, तर तेही पहिल्या पानावर छापा. तेव्हा मी आपल्याला दुसरं पत्र लिहीन आणि हे मागे घेईन.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. यावल, जि. जळगाव

ता. क. : बुऱ्हाणपूर आणि रावेरचे केळीचे भाव आपल्याकडे पूर्वी रोज येत. आता आठवड्यातून दोन-तीनदाच येतात, आणि नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवरची केळी) वेगळे न देता एकच आकडा असतो. कापणीच्या दिवसांत त्या एका ओळीसाठीच आमच्याकडे पेपर घेतात. व्यापारी बांधावर येतो, तेव्हा हातात छापील भाव असला म्हणजे बोलता येतं. कृपया तो रोज द्या आणि वेगवेगळा द्या.