पी.टी.चा तास गणिताला देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत सहावीची पालकसभा झाली. 'मुलांचा पाया कोरोनात कच्चा राहिलाय, पी.टी.चा तास गणिताला द्या,' अशी मागणी एका पालकांनी केली आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी त्याच शाळेत खेळ शिकवते. सभेत मला धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

या मुलांची नावं पहिलीत दाखल झाली जून २०२० मध्ये. पहिली मोबाइलवर गेली, दुसरीतलंही निम्मं वर्ष घरातच. लंगडी, साखळी, विषामृत हे सगळं ज्या वयात गुडघे फोडून घेत शिकायचं, ते वय चार भिंतींत सरलं. पाचवीत ती माझ्याकडे आली तेव्हा लंगडी घालताना चार-पाच उड्यांत दुसरा पाय टेकायचा. त्याहून मला जास्त लागलं ते वेगळंच. राज्य आलं की मुलं रडायची, काही थेट मारामारीवर यायची. आपल्यावर राज्य येतं, थोड्या वेळानं ते दुसऱ्यावर जातं, हे त्यांनी कधी अनुभवलंच नव्हतं.

मोठ्यांची तऱ्हा निराळी. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरले. दीड वर्षापूर्वी खो-खोत तासभर पळणारी मुलं मैदानाच्या एका फेरीत कुशी धरून बसली. कित्येकांना चष्मे लागले होते. लहान वयात मोकळ्या उजेडात वावरलं तर डोळ्यांचा नंबर लागणं लांबतं, आणि नेमका तोच उजेड त्यांना मिळाला नव्हता. रात्री एक-दोनपर्यंत मोबाइल, सकाळी प्रार्थनेला जांभया.

एप्रिल २०२२ मध्ये मास्कची सक्ती उठली, तरी आठवीतल्या एका मुलीनं तो वर्षभर काढला नाही. खूप दिवसांनी म्हणाली, 'बाई, माझा चेहरा कुणी पाहिलेलाच नाही. आता कसा दाखवू?' वयात येण्याची ती दोन वर्षं तिनं आरशासमोर एकटीनं काढली होती. दुसऱ्या लाटेत वडील गेलेला एक मुलगा तासाला नुसता कठड्यावर बसून राहायचा. मी त्याच्या हाती शिट्टी दिली, पंच केलं. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून धावला.

अभ्यासाची तूट भरायला सरकारनं १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला, चाचण्या घेतल्या. ते योग्यच होतं. पण मुलांचा दम किती उरलाय, झोप किती लागते, ती कुणाशी बोलतात का, याची चाचणी आमच्याकडे तरी कुणी घेतली नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या सहावीला आठवड्यात पी.टी.चे तास दोन, तेही पस्तीस मिनिटांचे. त्यातलाच एक आता मागितला जातोय.

वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, उंची-वजन-डोळे पाहतं. त्याच वेळी झोपेचे आणि मनाचे दोन-चार प्रश्न मुलांना एकेकटं घेऊन विचारता येतील. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो किती शाळांच्या भिंतीवर दिसतो? मी फळ्यावर लिहिला, त्या दिवशी दहावीतल्या दोन मुलींनी तो मुकाट्यानं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला.

मुलांचं गणित कच्चं आहे, हे मलाही मान्य आहे. त्यासाठी शाळा सुटल्यावर जादा वर्ग घ्या, मी थांबेन, मुलांना घरापर्यंत सोडेन. पण मंगळवारचा तो तास मैदानावरच राहू द्या.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका, ता. मिरज, जि. सांगली