न विकलेल्या माशांबद्दल आभार

चाचा, नमस्कार.

तुमच्या शोभेच्या माशांच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, गल्लीही सांगत नाही. लिहिलं तर तुम्ही रागवाल, आणि रविवारी तिथे आधीच उभं राहायला जागा नसते. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास रत्नागिरीकडच्या मराठीत गिऱ्हाइकाला ‘आज नको, घरी जा’ असं सांगणारे दुकानदार फार नसावेत.

आभार मानायचे आहेत ते तुम्ही मला जे विकलं नाहीत त्याबद्दल. विकलेल्याचे पैसे मी दिले आहेत, तो हिशेब मिटला.

मी माहीमला राहते, समुद्र चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी लावायचं ठरल्यावर घरातल्या प्रत्येकानं तेच विचारलं: मीठ विकत कशाला आणायचं? बादली घेऊन खाली जा की! मी हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवला, तेव्हा तुम्ही उलट मलाच विचारलंत, ‘ताई, मिठी नदी कुठे जाऊन मिळते?’ माहीमच्या खाडीत, शहराचं सांडपाणी घेऊन. विषय संपला. मग पावसाचंही सांगितलंत. जून ते सप्टेंबर किनाऱ्यालगत इतकं गोडं पाणी उतरतं की तिथली क्षारता या आठवड्यात एक, तर पुढच्या आठवड्यात दुसरीच. प्रवाळांना लागते ती हजारात ३५ च्या आसपास, आणि रोज तेवढीच. तेव्हा पिशवीतलं सॉल्ट मिक्स आणि वजनकाटा, लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, दुसरा मार्ग नाही.

पाणी तरी घरचं चालेल, आमच्याकडे आरओ आहे, असं मी म्हणाले. तुम्ही काउंटरखालून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काढून हातात दिलात आणि ‘मोजा, मग परत आणून द्या’ म्हणालात. मीटरवर ६० च्या वर आकडा आला. पिण्याच्या आरओत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, हे तेव्हा कळलं. टाकीला शून्य हवं, म्हणून पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा जोडायचा. नळाच्या पाण्यात घालायची निळी बाटली शेल्फवर समोरच होती, ती मला सहज खपवता आली असती.

मग ती शनिवारची गोष्ट. टाकीत ड्राय रॉक, म्हणजे कोरडा, जीव नसलेला खडक, रचून झाला होता, वाळू बसली होती, पाणी फिरवणारा छोटा पंप, पॉवरहेड, फिरत होता, पाणी एकदम नितळ. मी क्लाऊनफिशची जोडी न्यायला पैसे मोजूनच आले होते. तुम्ही ते पर्समध्ये परत ठेवायला लावलेत आणि अमोनियाची छोटी बाटली आणि टेस्ट किट पुढे केलंत. रिकाम्या टाकीत मुद्दाम अमोनिया घालायचा! आईला वाटलं, मला कुणीतरी गंडवतंय.

तुम्ही बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर जे काढून दाखवलंत तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया माशाला मारतो, शेवटचं नायट्रेट बऱ्याच प्रमाणापर्यंत खपतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू मुख्यतः खडकाच्या छिद्रांत आणि वाळूवर वस्ती करतात, त्यामुळे पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यावरून टाकी तयार आहे असं म्हणता येत नाही. चार ते सहा आठवडे धरा, म्हणालात. घातलेला २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, तरच माशांचं बोलायचं.

खरं सांगायचं तर हे सगळं इंटरनेटवर मिळतं. पण इंटरनेटवरच शेजारच्या पानावर ‘बाटलीतले जिवाणू घाला, आजच मासे सोडा’ हेही असतं. दोन्हीपैकी कुणाचं ऐकायचं हे नवख्याला कळत नाही. मी तुमचं ऐकलं याचं कारण साधं आहे. तुमच्या सल्ल्यानं तुमचंच गिऱ्हाईक महिनाभर लांबत होतं.

त्या महिन्यानंतर टाकी घाणेरडी झाली. वाळूवर, खडकावर, काचेवर तपकिरी थर. पाहुणे आले की मी टाकीचा दिवा बंद ठेवायचे. फोटो दाखवला तर तुम्ही हसलात. डायटम आहेत, एक सूक्ष्म शैवाल, नव्या वाळूतलं सिलिका खाऊन वाढतात, ते संपलं की आपोआप जातात. औषध मागितलं तर म्हणालात, ‘औषध आहे, पण देणार नाही.’ दिल्यात त्या चार गोगलगायी. थर गेला. पाठोपाठ हिरवं केसाळ शेवाळ आलं, तेव्हा खाणं निम्मं करा आणि दिव्याचे तास कमी करा एवढंच सांगितलंत, तेही फोनवर, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता.

तुमच्या नकारांची यादी मोठी आहे. निळा टँग नाही, कारण तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला दोन फुटांची टाकी म्हणजे तुरुंग. मँडरिन नाही, कारण तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपत असतो आणि नव्या टाकीत ते नसतात, रंगीत मासा डोळ्यांदेखत उपाशी मरतो. अ‍ॅनिमोन नाही, कारण समुद्रफुलासारख्या या प्राण्याशिवाय क्लाऊनफिशचं काही अडत नाही, पण अ‍ॅनिमोन फिरतं आणि फिरत फिरत पॉवरहेडमध्ये अडकलं तर सगळी टाकी नासवतं. भाच्यानं समुद्री घोडा मागितला तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच गंभीर झालात.

ते बोलणं माझ्या चांगलं लक्षात आहे. समुद्री घोडे आणि खडकासारखे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. जिवंत तर सोडाच, शोकेसमधला मेलेला पांढरा प्रवाळसुद्धा विकणं गुन्हा. समुद्रातून तोडून आणलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचाच सांगाडा, म्हणून तुमच्याकडे फक्त ड्राय रॉक. मुंबईला प्रवाळ कुठले, असं मी म्हणाले, तर तुम्ही कोस्टल रोडची आठवण करून दिलीत. वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती त्या कामासाठी रीतसर परवानगी काढून दुसरीकडे हलवाव्या लागल्या होत्या. बातमी मी वाचली होती, पण ते ओहोटीला आपण ज्या खडकांकडे पाहतो तिथेच होते हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. मालवणला तर पर्यटक स्नॉर्केल लावून बघतात. तुम्ही मालवणचं नाव काढलंत आणि दहा मिनिटं तुमच्या लहानपणच्या समुद्रावर बोलत राहिलात. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. त्याचीही माफी मागायला हवी.

क्लाऊनफिश शेवटी दिलेत ते हॅचरीत जन्मलेले. दुकानात माझ्यासमोर त्यांना खाद्याच्या गोळ्या खाऊ घातल्यात. जो मासा दुकानात खात नाही तो घरी नेऊ नये, हा तुमचा नियम मी आता सगळ्यांना ऐकवते. दोन्ही पिलंच होती. त्यातलं जे दांडगं निघेल ते मादी होणार, दुसरं नर राहणार, हे ऐकून सोसायटीतल्या बायकांमध्ये माझ्या टाकीची लोकप्रियता अचानक वाढली. मादी आता ठरली आहे. नर तिच्यापुढे अंग थरथरवतो, ती ढुंकून बघत नाही.

मे महिन्याचं मात्र तुम्ही सांगितलं नसतंत तर सगळंच गेलं असतं. पाणी थंड करणारा चिलर माझ्या बजेटमध्ये नव्हता. तुम्ही तो दाखवलातही नाहीत. झाकण काढा, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, बाष्पीभवनानं दोनेक अंश उतरतील. उतरले. पण मग पाणी रोज लिटर-दीड लिटर उडायला लागलं. पाणी उडतं आणि मीठ टाकीतच राहतं, त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची. ९० लिटरच्या टाकीत आठवडाभर ती घातली नाही तर ३५ ची क्षारता ३८ ते ४० पर्यंत जाते, हा हिशेब तुम्ही तोंडी केलात. दोन अंशांचं एवढं काय, असं मी विचारलं होतं. लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पांढरे पडले ते अशाच वाढलेल्या अंशांनी, असं तुम्ही म्हणालात. प्रवाळाच्या पेशीत राहून त्याला अन्न पुरवणारं शैवाल उष्णतेत निघून जातं आणि प्रवाळ उपाशी पडतो. एवढा मोठा समुद्र सोसू शकत नाही, तर माझ्या टाकीची काय कथा!

झोअँथिडचा, म्हणजे प्रवाळाच्या एका मऊ नातेवाइकाचा, तो तुकडा तुम्ही फुकट दिलात. तुमच्याच एका जुन्या गिऱ्हाइकाच्या टाकीत वाढलेला, हिरवी कड आणि नारिंगी तोंडं. पिशवीत रबरी हातमोजेही टाकलेत. याच्या काही जातभाईंत पॅलिटॉक्सिन असतं, भयंकर विष. तो चिकटलेला खडक कधी उकळायचा नाही, कोरडा ब्रशनं घासायचा नाही, हाताला जखम असेल तर टाकीत हात नाही. फुकटच्या वस्तूबरोबर इतक्या सूचना मला आजवर कुणी दिल्या नव्हत्या. तीन तोंडांची आता डझनावर गेली आहेत.

रविवारी येतेय. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) मोजायचं किट संपत आलंय, आणि तुमचा टीडीएस मीटर, जो दोनदा तुम्ही आणि चारदा मी विसरले, तो या वेळी नक्की आणते. झोअँथिडचा एक तुकडा कापून वेगळा लावला आहे, पुरता चिकटला की आणीन. तुमच्यासारखंच कुणा नवख्याला द्या, हातमोज्यांसकट. आणि माशांचं अंग साफ करणाऱ्या कोळंबीबद्दल, क्लीनर श्रिंपबद्दल, मागच्या वेळी ‘अजून दोन महिने’ म्हणाला होतात. ते दोन महिने संपलेत, चाचा. नायट्रेटचा आकडा लिहून आणते, बघून काय ते सांगा.

तुमचं,
माहीमचं गिऱ्हाईक