शिवोलीच्या काकांना, ‘पोरनो खंय आसा?’ या एका प्रश्नासाठी

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. दोनदा मी नोटा पुढे केल्या, दोन्ही वेळा तुम्ही त्या माझ्याच खिशात परत कोंबल्यात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. गोव्यातल्या या शापोरा नदीच्या दोन्ही काठांवर आमच्यासारख्या होडीच्या जुन्या मशिनी सांभाळणारी घरं बरीच आहेत. तुम्ही माझ्या अंगणात बसून जे दाखवलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

आमची मशीन म्हणजे दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, १५ हॉर्सपॉवरची. बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. या हंगामात ती सारखी तापायला लागली. एका मेकॅनिकने पाण्याच्या पंपातला इम्पेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, बदलून दिला. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. त्याने पुन्हा इम्पेलर बदलला आणि वर सांगितलं, मशीन म्हातारी झाली, आता नवी बघा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, नव्या मशिनीचा खर्च कुठून काढणार?

दसऱ्याला बाबांनी काठी टेकत येऊन तिला झेंडूची माळ घातली. दुसऱ्याच दिवशी, नदी समुद्राला मिळते तिथे, मोरजीच्या बाजूला ती बंद पडली. वेग वाढवला तसा आवाज जड झाला, रंग करपल्याचा वास आला आणि मशीन आपोआप थांबली. ओहोटी लागलेली. मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत होत्या आणि पाणी आम्हाला तिकडेच ओढत होतं. सोबत धाकटा चुलतभाऊ. वल्ही मारून मारून होडी काठाला लागली तेव्हा त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. आईला आम्ही हे अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा सुकलेली माळ मशिनीच्या टोपणावर तशीच होती. तुम्ही ती आधी सोडवून तुळशीपाशी ठेवलीत, मग पाना हातात घेतलात.

मला वाटलं होतं, आल्याआल्या मशीन खोलाल. तुम्ही निळ्या ड्रमात विहिरीचं पाणी भरायला लावलंत, पंप बुडेल इतकं, आणि मशीन त्यात उतरवून हळू चालवलीत. मागून पाण्याची धार छान पडत होती. मी म्हटलं, बघा काका, पाणी तर येतंय. तेव्हा तुम्ही सांगितलंत ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. आमच्यासारख्या कित्येक मशिनींत ही धार वाटेतूनच फुटते. ती पडते म्हणजे पंप पाणी चढवतोय, एवढंच. ते पाणी सिलिंडरच्या डोक्यापर्यंत पोचतं की नाही, हे धार सांगत नाही. मग तुम्ही माझा हात धरून आधी खालच्या सिलिंडरजवळ टेकवलात, तिथे सोसवत होतं. वरच्या सिलिंडरवर तुम्ही हात नेऊच दिला नाहीत, बोटाने पाण्याचे दोन थेंब उडवलेत. चर्र झालं. म्हणजे पाणी खाली होतं आणि वर जाताना कुठेतरी अडत होतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापली की उघडून पाण्याला वाट देणारी झडप, काढला तेव्हा मला वाटलं, हाच चोर. त्यावर मिठाचा पांढरा थर होता. तो धुऊन तुम्ही आईच्या चहाच्या पातेल्यात दोऱ्याने टांगलात, शेजारी काचेचा थर्मामीटर सोडलात आणि गॅस बारीक ठेवलात. आम्ही तिघं त्या पातेल्यात डोकावून उभे. पन्नास अंशांच्या आसपास त्याची झडप हळूच उघडली. चांगला होता. काढूनच टाकूया का, असं मी विचारलं, कारण आमच्याकडे बरेच जण तसं करतात. तुम्ही म्हणालात, नको, मग मशीन गारच राहील, पेट्रोल नीट जळणार नाही, प्लग काळे पडतील.

आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. ‘पोरनो खंय आसा?’ जुना कुठे आहे?

बाबांची सवय, काही म्हणून टाकायचं नाही. दुधाच्या पावडरीच्या डब्यात, खिळ्यांच्या खाली, दोन्ही काढलेले इम्पेलर निघाले. दुसरा जवळपास नवाच होता, सहाही पाती शाबूत. पहिल्याकडे बघून तुम्ही काही बोलला नाहीत. वर्तमानपत्र पसरलंत, त्यावर तो ठेवलात आणि मला म्हणालात, मोज. चार पाती पूर्ण होती. एक अर्ध्यात तुटलेलं, एक मुळापासून गायब. दीड पात्याचं रबर कुठे गेलं, हे बदलणाऱ्याने विचारलं नव्हतं आणि माझ्याही मनात आलं नव्हतं. पंपातून तुटलेला तुकडा खाली पडत नाही, पाण्याबरोबर वर चढतो. इम्पेलर हजार वेळा बदला, बूच वरच बसलेलं.

गिअरकेस, म्हणजे मशिनीचा खालचा भाग, उतरवली, तर अर्धं पातं पाण्याच्या नळीच्या वरच्या तोंडाशी आडवं अडकलेलं. उरलेल्यासाठी सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांच्या डोक्यावरचं झाकण, काढावा लागणार होता. गंजलेल्या बोल्टांना तेल पाजून तुम्ही ते रात्रभर तसेच ठेवायला सांगितलेत. मी त्याच संध्याकाळी जोर लावला असता आणि एखादा नक्की मोडला असता. सकाळी हेड निघाला. वरच्या सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटेत, मीठ आणि गाळ यांच्या पांढऱ्या-तांबड्या थरात, ते रबर रुतून बसलेलं होतं, आगपेटीच्या काडीएवढं. तुम्ही ते काढून वर्तमानपत्रावर तुटलेल्या जागी लावून पाहिलंत. बरोबर बसलं. तेव्हाच तुमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

तो थर मी स्क्रूड्रायव्हरने खरवडायला गेलो, तुम्ही हात धरलात. ॲल्युमिनियम आहे, ओरखडा पडला की तिथूनच खाईल. कोमट व्हिनेगर आणि बांबूची काडी, दुपारपर्यंत हेच काम. हेडखालची गॅस्केट, म्हणजे फटी बंद करणारी पातळ चकती, नवीन आणवलीत, जुनी पुन्हा घालू दिली नाहीत. बोल्ट आधी मधले, मग बाहेरचे, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळायला लावलेत. इम्पेलर बसवताना साबणाचं पाणी लावून दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत दाबायचा, म्हणजे पाती एकाच बाजूला वळतात, हे माझ्या हातून करून घेतलंत. स्वतः केलं असतंत तर दहा मिनिटांत झालं असतं.

आता समुद्रावरून आलो की ड्रमात गोड्या पाण्यावर दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवतो. कोरडी एक क्षणही चालवत नाही. वर्षातून एकदा, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत, इम्पेलर बदलायचा हे भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. परवा बाबा पहिल्यांदा होडीवर आले. मुखापर्यंत पूर्ण वेगाने गेलो. परत आल्यावर त्यांनी टोपण उघडून वरच्या सिलिंडरजवळ तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

ते वर्तमानपत्र, त्यावरचा इम्पेलर आणि दोन तुकडे त्याच डब्यात ठेवले आहेत. येत्या रविवारी मुडदुशे घेऊन शिवोलीला येतो. बाबाही येतील म्हणतात. पैसे आणत नाही, पण मासळीला नको म्हणू नका.

तुमचा,
चोपड्याचा होडीवाला