घरचा सर्व्हर: बसवल्यानंतरचं काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चार वर्षांपूर्वी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून मी नेक्स्टक्लाउड, म्हणजे आपल्या फायली आपल्याच सर्व्हरवर ठेवायचं सॉफ्टवेअर, बसवलं. त्याला एक रविवार पुरला. खरं काम त्यानंतरचं, आणि त्याबद्दल फारसं छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

दोन डिस्क रेड-१ मध्ये जोडलेल्या, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही आपोआप राहतं, त्यामुळे मी निर्धास्त होतो. एका रात्री चुकीचा फोल्डर पुसला आणि दोन्ही डिस्कवरून तो त्याच क्षणी गेला. त्यात आईच्या आवाजातल्या ओव्या होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत. डिस्क बिघडली तर रेड वाचवतं, माणसाच्या चुकीपासून नाही. आता तीन प्रती ठेवतो, त्यातली एक घराबाहेर. दर महिन्याला एखादी फाइल बॅकअपमधून काढून उघडूनही बघतो.

बाहेरून जोडण्यासाठी राउटरचे पोर्ट, म्हणजे आत येण्याची दारं, सरसकट उघडू नयेत. त्याऐवजी वायरगार्ड वापरावं; बाहेरून घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करून देणारं हे व्हीपीएन २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. त्याला एक यूडीपी पोर्ट पुरतो आणि अनोळखी चावीला तो उत्तरच देत नाही. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होत असेल, तर तो बहुधा अनेक घरांत वाटलेला असतो आणि बाहेरून थेट जोडणी होत नाही. हे उमगायला माझा आठवडा गेला.

आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर या देखभालीलाही जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक