नॉरफोकच्या जुन्या चर्चची चित्रं तुमच्या घरात आहेत का? मदतीचं आवाहन

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या नॉरफोक काउंटीत ६५० हून अधिक मध्ययुगीन चर्च आजही उभी आहेत. त्यांची आणि गावोगावच्या पवनचक्क्या, शाळा, पूल अशा इमारतींची जुनी छायाचित्रं, पोस्टकार्डं आणि शिळाछापाची चित्रं गोळा करायची, प्रत्येकाचं ठिकाण आणि काळ पक्का करायचा आणि ती सगळ्यांना मोफत पाहता येतील अशी ठेवायची, हे आमच्या स्थानिक गटाचं काम. मराठी वाचकांनी आपले जुने अल्बम एकदा उघडून पाहावेत आणि जमेल तेवढी वर्गणी द्यावी, अशी विनंती आहे.

मराठी घरांनाच विचारायला कारण आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये नॉरफोक रेजिमेंटची दुसरी पलटण बेळगावला होती. तिथून ती सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेली. तिच्याच ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथलं कूत शहर तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा दोन्ही पलटणी तिथे होत्या. त्या काळी गावच्या चर्चचं चित्र असलेलं पोस्टकार्ड हे नॉरफोकच्या घरच्यांना सैनिकांपर्यंत खुशाली पोचवण्याचं सोपं साधन. बेळगाव, पुणे, खडकी, देवळाली या छावण्यांत आलेली अशी कार्डं जुन्या बाजारात किंवा एखाद्या आजोबांच्या तिकीटसंग्रहात असू शकतात. तिकिटासाठी जपलेलं कार्ड असेल तर कृपया तिकीट सोडवू नका. आम्हाला काळ ठरवायला तेच लागतं.

काळ बहुधा पाठीमागच्या बाजूवरून कळतो. पाठीवर मधोमध रेघ, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, अशी रचना ब्रिटनमध्ये १९०२ पासून चालू झाली. त्याआधी पाठीवर फक्त पत्ता असे. इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये पाठवलेल्या कार्डावर अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर ते बहुधा ३ जून १९१८ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दर एक पेनी झाला. चित्रातही खुणा असतात. आवारात महायुद्धाचा स्मृतिक्रॉस दिसला तर छायाचित्र बहुधा १९१९ नंतरचं. साइडस्ट्रँड गावी समुद्राच्या कड्यावर चर्चचा एकटा उरलेला मनोरा दिसला तर ते १९१६ पूर्वी टिपलेलं, कारण त्या वर्षी कडा ढासळून मनोरा खाली गेला. एकल्स गावच्या चर्चचा किनाऱ्याच्या वाळूत उभा असलेला मनोरा जानेवारी १८९५ च्या वादळात पडला. त्याची छायाचित्रं मिळाली तर आम्हाला सोन्याहून मोलाची.

चर्चच्या आतली छायाचित्रं त्याहून दुर्मिळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक चर्चची ‘दुरुस्ती’ झाली आणि तीत दारं असलेली बंदिस्त बाकं, लाकडी गॅलऱ्या, उंच प्रवचनपीठं काढून टाकली गेली. तसं काही दिसणारं चित्र फाटकं, डागाळलेलं असलं तरी पाठवा.

ओळख पटवताना सगळ्यात जास्त घोटाळा नावांचा होतो. ‘बर्नहॅम चर्च’ एवढंच छापलेलं असेल तर बर्नहॅम नावाची गावं अनेक, आणि त्यांतल्या बर्नहॅम नॉर्टन आणि बर्नहॅम डीपडेल या दोन्ही ठिकाणी गोल मनोरा आहे. रीपमला तर दोन चर्च आणि तिसऱ्याचे अवशेष एकाच आवारात. म्हणून कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या, उच्चारावरून लिहू नका. हेझबरो (Happisburgh) आणि विंडम (Wymondham) यांची स्पेलिंग उच्चारापासून फार लांब आहेत. दुसरा घोटाळा उलट छापलेल्या काचेच्या निगेटिव्हचा. मनोरा सहसा पश्चिमेला आणि वेदी पूर्वेला असते, त्यामुळे दक्षिणेकडून पाहिलं की मनोरा डावीकडे दिसतो. तो उजवीकडे दिसला तर चित्र उत्तरेकडून घेतलंय किंवा उलटं छापलंय. अशा वेळी मनोऱ्यावरचं घड्याळ किंवा एखादी पाटी शोधायची. आकडे उलटे दिसले की निकाल लागला.

स्कॅन दोन्ही बाजूंचं करा, मागची बाजू कोरी असली तरी. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल, आणि स्कॅनरची आपोआप रंग सुधारण्याची सोय बंद. कार्डाच्या चारही कडा दिसू द्या. साध्या कार्डाची एक बाजू साधारण २० एमबी होते. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल कार्डाला समांतर धरून फोटो काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा.

अल्बमच्या पानाला चिकटलेलं चित्र ओढू नका, पाणी किंवा वाफही लावू नका. छायाचित्राचा थर बहुधा जिलेटीनचा असतो, तो ओलाव्याने फुगतो आणि कागदावरून सुटतो. पूर्ण पान तसंच स्कॅन करा. पावसाळ्यात बुरशी आली असेल तर ओली असताना पुसू नका, ती थरात आणखी घुसते. आधी सावलीत, हवेशीर जागी वाळू द्या. मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पीव्हीसीची पाकिटं आणि लॅमिनेशन नकोच.

वर्गणीतून पॉलिएस्टरची पाकिटं (प्रत्येक कार्डाला एक), आम्लविरहित खोके, काचेच्या निगेटिव्हसाठी चारही बाजूंनी दुमडणारे कागदी लिफाफे आणि हार्ड डिस्क घ्यायच्या आहेत. काचा उभ्याच ठेवाव्या लागतात. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या काचा वरच्यांच्या वजनाने तडकतात. एक टीबीच्या डिस्कवर दोन्ही बाजू धरून सुमारे २४ हजार कार्डं मावतात, पण प्रत्येक फाइलच्या तीन प्रती आम्ही तीन वेगळ्या इमारतींत ठेवतो. १ ऑगस्ट १९९४ ला नॉरफोकचं मुख्य शहर असलेल्या नॉरिचच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आग लागली आणि स्थानिक इतिहासाचा मोठा ठेवा एका सकाळीत गेला. एकाच छपराखाली सगळं ठेवण्याची जोखीम आम्ही घेणार नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून वेळही हवा आहे: जुन्या चित्राची छापील प्रत घेऊन त्याच जागी उभं राहायचं आणि तीच चौकट आज टिपायची. पानगळीनंतर जा, उन्हाळ्यात झाडांमागे निम्मं चर्च दिसत नाही. आत जायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

मूळ कार्ड तूर्त पाठवू नका, ते तुमच्याकडेच राहू द्या. स्कॅनबरोबर कार्ड कुठून मिळालं, पाठीवरचा मजकूर आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख एवढं सोबतच्या अर्जात भरा. शिक्का नीट वाचता येत नसेल तर तेवढ्या भागाचं १२०० डीपीआयवर वेगळं स्कॅन जोडा.